मुख्यार्थाचा बाध आणि ख्रिस्तकथा

धर्मकथेचा अर्थ अक्षरशः घ्यावा की तिला रूपक मानावे, हा वाद पंडितांच्या ग्रंथांतून जितका रंगतो तितकाच तो शाळेच्या वर्गातही रंगतो. फरक इतकाच की, पंडिताला उत्तरासाठी दहा वर्षे मिळतात आणि शिक्षकाला दहा क्षणही मिळत नाहीत. तापीच्या उत्तरेस, आता सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आलेल्या कोसाडमध्ये मी मराठी मुलांना शिकवितो. बहुतेकांचे आईबाप खानदेशातून येथे यंत्रमागांवर काम करण्यासाठी आलेले आहेत. एकदा नाताळाच्या सुटीपूर्वी नववीच्या वर्गात समुद्रमंथनाची कथा निघाली. मी नेहमीच्या सवयीने सांगून गेलो की, मंदराचल म्हणजे निश्चय, वासुकी म्हणजे वासना, हलाहल म्हणजे साधनेच्या आरंभी वर येणारा मनाचा मळ. सारे रूपक आहे. तेव्हा एका ख्रिस्ती कुटुंबातील मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, "सर, मग आमच्या येशूचे क्रूसावरचे मरण हेही रूपकच का?" मी म्हणालो, "नाही, तो इतिहास आहे." त्यावर मागच्या बाकावरून दुसरा आवाज आला, "म्हणजे त्यांचे ते खरे आणि आमचे ते रूपक?"

तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी सुटलो. परंतु प्रश्न सुटला नाही. दोन्ही मुलांचा आक्षेप वस्तुतः एकच होता: तुमच्या हातात माप एक आहे की दोन? ख्रिस्ती श्रद्धेच्या उगमाचे जे रूपकात्मक अर्थ गेल्या काही शतकांत युरोपात आणि आपल्याकडेही लावले गेले, त्यांची परीक्षा याच प्रश्नाच्या निकषावर करावी, असा या लेखाचा हेतू आहे.

या विचाराला सुरतेचीच एक वाट सापडते, ही माझ्यासारख्या येथील मराठी माणसाला समाधानाची गोष्ट वाटते. मराठी व्याकरणाचे आद्य शिल्पकार दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) हे इ. स. १८४०नंतरच्या काही वर्षांत सुरतेस इंग्रजी शाळेत शिक्षक होते. 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध करून त्यांनी कीर्ती मिळविली होती. सुरतेस दुर्गाराम मंछाराम मेहताजी आदी गुजराती सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १८४४ साली मानवधर्म सभा स्थापन केली. ईश्वर एक, मनुष्यमात्राची जात एक, आणि धर्माची परीक्षा विवेकाने करावयाची, हे या मंडळींचे सूत्र होते. भूत उतरविणाऱ्या मांत्रिकांना दुर्गारामांनी जाहीर आव्हान दिले. दादोबांनी 'धर्मविवेचन' याच काळात लिहिले. ते छापून निघाले मात्र १८६८ साली. पुढे मुंबईस १८४९ साली निघालेल्या परमहंस सभेमागेही त्यांचीच प्रेरणा होती. अ. का. प्रियोळकरांनी १९४७ साली संपादून प्रसिद्ध केलेल्या दादोबांच्या आत्मचरित्रामुळे या चरित्राचा पूर्वार्ध मराठी वाचकांना परिचित आहे.

उत्तरार्धातील एका पुस्तकाकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही. १८७८ साली लंडनहून दादोबांचे एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या नावाचा मराठी अर्थ असा: स्वीडनबोर्गचे ग्रंथ व नूतन यरुशलेम मंडळीची मते यांविषयी एका हिंदू गृहस्थाचे विचार. या नावातच पुष्कळ काही आहे. लेखक हिंदू म्हणूनच बोलतो. त्याने धर्म सोडलेला नाही आणि सोडण्याचे आश्वासनही दिलेले नाही. तरीही तो एका ख्रिस्ती द्रष्ट्याच्या ग्रंथांवर आदराने पुस्तक लिहितो. सुरतेच्या सभेत चमत्कारांची झाडाझडती घेणारा विवेकवादी चौसष्टाव्या वर्षी स्वर्ग-नरकाची वर्णने करणाऱ्या स्वीडनबोर्गपाशी कसा पोहोचला? हे कोडे उलगडण्यासाठी स्वीडनबोर्गची अर्थपद्धती थोडी समजून घेतली पाहिजे.

इमॅन्युएल स्वीडनबोर्ग (१६८८–१७७२) हा स्वीडनचा खाणशास्त्रज्ञ. उतारवयात त्याला आध्यात्मिक दर्शने होऊ लागली आणि बायबलाचा अंतरार्थ आपल्यापुढे उघडला गेला, असे त्याने जाहीर केले. 'स्वर्गीय रहस्ये' या नावाने त्याने १७४९ ते १७५६ या काळात लॅटिनमध्ये जे अनेक खंड प्रसिद्ध केले, त्यांत बायबलातील केवळ उत्पत्ती आणि निर्गम या दोन पुस्तकांचा अर्थ आहे. त्याचे मूलतत्त्व अनुरूपतेचे आहे: जड सृष्टीतील प्रत्येक वस्तू कोणत्या तरी आध्यात्मिक वस्तूशी अनुरूप असते. सूर्याची उष्णता म्हणजे प्रेम, त्याचा प्रकाश म्हणजे सत्यज्ञान, घोडा म्हणजे बुद्धीची समज, यरुशलेम म्हणजे मंडळी. सृष्टीच्या सहा दिवसांची कथा हा मनुष्याच्या पुनर्जन्माचा, म्हणजे आत्मिक नवजीवनाचा, क्रम होय. आदाम ही एक व्यक्ती नसून मानवजातीची अतिप्राचीन मंडळी होय. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन पुरुष नव्हेत. माणसात जसा आत्मा, देह आणि व्यापार असतो तसे ते एकाच ईश्वराचे तीन पैलू आहेत.

दादोबांना यात काय भावले असेल, याचा तर्क करणे अवघड नाही. ज्याने आयुष्यभर एकेश्वराचा पुरस्कार केला, त्याला त्रैक्याचा हा अर्थ जवळचा वाटला असणार. त्याहून महत्त्वाचे कारण त्या काळच्या धर्मवादांत आहे. १८३१ साली मोरभट्ट दांडेकर आणि रेव्हरंड जॉन विल्सन यांचा मुंबईत वाद झाला. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचाऱ्यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद केले. आपल्या ग्रंथात अडचणीचे स्थळ आले की गूढार्थ आणि प्रतिपक्षाच्या ग्रंथात तसेच स्थळ आले की अक्षरार्थ, हा अशा वादांचा स्वभावच असतो. दादोबांच्या पिढीचे तारुण्य त्या कोलाहलात गेले. अशा माणसाला एक ख्रिस्ती लेखकच जेव्हा सांगतो की बायबलाचेही अक्षर म्हणजे टरफल आणि अर्थ म्हणजे गर, तेव्हा पुराणांची टिंगल करणाऱ्यांच्या हातातील काठी गळून पडते. परक्याच्या ग्रंथाकडे वैरभाव सोडून पाहण्याची वाट उघडते. १८७८ साली असे पाहणे हे औदार्य होते आणि ते दादोबांच्या पदरी निःसंशय जमा केले पाहिजे.

परंतु औदार्य वेगळे आणि अर्थपद्धतीची यथार्थता वेगळी. रूपकाच्या नावाखाली किती भिन्न गोष्टी वावरतात हे प्रथम पाहिले पाहिजे.

मराठीत ख्रिस्तकथेचे पहिले मोठे काव्य म्हणजे फादर थॉमस स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण'. गोव्यात रायतूर येथे ते १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या ओव्या दहा हजारांहून अधिक आहेत. त्याचे पहिले पुराण जुन्या करारावर आणि दुसरे नव्या करारावर आधारलेले आहे, आणि ही मांडणीच एक अर्थपद्धती आहे. जुन्या करारातील घटना नव्यातील घटनांची छाया होत, हा चर्चच्या परंपरेतील सिद्धांत तिच्यामागे आहे: आदाम ही ख्रिस्ताची छाया, निषिद्ध फळाचे झाड ही क्रूसाची छाया. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, येथे छाया आणि वस्तू ही दोन्ही कवीच्या मते खरोखर घडलेली आहेत. एका घटनेने दुसरीकडे बोट दाखविले म्हणून पहिली नाहीशी होत नाही. स्वीडनबोर्गच्या आदामाचे तसे नाही. अर्थ सापडला की तेथे व्यक्ती उरत नाही.

तिसरी पद्धत पुराणकथेची. दादोबांचे व्याकरण निघण्याच्या सुमारास, म्हणजे १८३५–३६ साली, जर्मनीत डाव्हिड फ्रीड्रिख श्ट्राउसचे येशूचरित्र प्रसिद्ध झाले आणि युरोपात खळबळ उडाली. श्ट्राउसने येशू झालाच नाही असे म्हटले नाही. चमत्कारकथा ही फसवणूकही नव्हे. मसीहाविषयी जुन्या करारातून पोसलेल्या अपेक्षांनी आद्य ख्रिस्ती समाजाच्या मनात नकळत कथारूप घेतले, असे त्याचे म्हणणे. याच वाटेने पुढे गेलेल्या आर्थर ड्रेव्हजने १९०९ साली येशू नावाची व्यक्तीच नव्हती, सारी पुराणकथाच आहे, असे प्रतिपादन केले.

चौथी पद्धत आपल्या ओळखीची आहे. ती रूपकाची नसून नामसादृश्याची आहे. पण ती रूपकाच्याच आडोशाने येते. ग. दा. उर्फ बाबाराव सावरकरांच्या १९४६ सालच्या 'ख्रिस्तपरिचय' या पुस्तकात येशू हा मूळचा हिंदूच होता असे प्रतिपादन आहे, आणि ख्रिस्त व कृष्ण या नावांचे साम्य आजही आपल्याकडे मोठ्या आवडीने सांगितले जाते. येथे दादोबांच्यातील वैयाकरणाला साक्षीस बोलवावे. 'ख्रिस्त' हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ अभिषिक्त. तो 'मसीहा' या हिब्रू शब्दाचे भाषांतर आहे. 'कृष्ण' म्हणजे काळा, सावळा. एक पद अभिषेकावरून आलेले, दुसरे वर्णावरून. धातू भिन्न, अर्थ भिन्न, मग कानाला भासणाऱ्या साम्याने काय सिद्ध होणार? लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'च्या परिशिष्टात गीता आणि ख्रिस्ती बायबल यांची तुलना केली आहे. तिच्या निष्कर्षांशी कोणी सहमत होवो वा न होवो, ती विचारांच्या साम्यावर आणि इतिहासाच्या पुराव्यावर उभी राहण्याचा प्रयत्न करते. केवळ नादावर नव्हे.

तर मग रूपक कोठे मानावे आणि कोठे मानू नये? यासाठी युरोपाकडे हात पसरण्याची आवश्यकता नाही. आपल्या साहित्यशास्त्राने हा नियम केव्हाच घालून दिला आहे. मम्मटाच्या मते लक्षणेला तीन अटी लागतात: मुख्यार्थाचा बाध व्हावा, लक्ष्यार्थाचा मुख्यार्थाशी संबंध असावा, आणि त्यामागे रूढी किंवा प्रयोजन असावे. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हटले तर प्रवाहावर घरे उभी राहू शकत नाहीत, म्हणून आपण तीर हा अर्थ घेतो. बाध नसेल तर लक्षणेला प्रवेश नाही. व्यंजना मात्र वेगळी. तिच्यात मुख्यार्थ जागेवर राहतो आणि त्याच्यावरून दुसरा अर्थ उजळतो. माझ्या मते ख्रिस्तकथेच्या अर्थासंबंधीचा बहुतेक गोंधळ लक्षणा आणि व्यंजना यांतील हा भेद न पाळल्याने झालेला आहे.

आता हा नियम लावून पाहू. सृष्टीच्या कथेत सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो. मग पहिल्या तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळ कशी झाली? हा प्रश्न आजच्या नास्तिकाचा नव्हे. तिसऱ्या शतकातील ओरिगेन या ख्रिस्ती आचार्यानेच तो विचारला आहे. येथे मुख्यार्थाचा बाध उघड आहे, आणि तो ग्रंथातूनच निघतो. बोलणारा साप आणि मंदराची रवी एका पंगतीला बसतात. दोघांनाही एकच पान वाढले पाहिजे.

क्रूसाचे तसे नाही. पंतय पिलात हा इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा रोमन सुभेदार होता. त्याच्या नावाचा शिलालेख १९६१ साली कैसरिया येथे सापडला. त्याच्या अमलात ख्रिस्ताला देहान्त शिक्षा झाली, हे टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवले आहे, आणि तो ख्रिस्त्यांचा मित्र नव्हता. शिवाय क्रूसावरचे मरण त्या काळी गुलाम आणि बंडखोर यांचे लाजिरवाणे मरण होते. आपल्या उद्धारकर्त्यासाठी कोणताही समाज असे मरण कल्पनेने रचील, हे संभवत नाही. येथे मुख्यार्थाला बाध नाही. म्हणून ड्रेव्हजचे रूपक टिकत नाही. क्रूस हे त्यागाचे प्रतीक झाले हे खरे, पण ते व्यंजनेने. घटना जागेवर राहिली म्हणूनच प्रतीकाला बळ आले.

खरी कसोटी पुनरुत्थानाची. येथे श्रद्धावंताला बाध वाटत नाही आणि चिकित्सकाला वाटतो. टीकाकाराने येथे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे की, हा बाध ग्रंथातून आलेला नसून मृत मनुष्य उठत नाही या आपल्या निश्चयातून आलेला आहे. तो निश्चय योग्यही असेल. परंतु तो वाचकाचा आहे, लेखकाचा नव्हे. संत पौलाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो हागार आणि सारा यांची कथा घेतो आणि हे रूपक आहे असे स्वतःच सांगतो. तोच पौल करिंथकरांस लिहिताना पुनरुत्थानाची गोष्ट काढतो तेव्हा रूपकाचे नाव घेत नाही. साक्षीदारांची यादी देतो आणि त्यांतील बरेचसे अजून हयात आहेत असे सांगतो. क्रूसाच्या घटनेनंतर अवघ्या पंचवीसेक वर्षांत लिहिलेले हे पत्र आहे. ज्याला रूपक कसे करावे हे ठाऊक आहे आणि जो ते करताना तसे सांगतो, त्याच्या दुसऱ्या विधानाला आपण त्याच्या वतीने रूपक ठरविणे म्हणजे त्याच्या तोंडात आपले शब्द घालणे होय. पौल चुकला असे म्हणता येईल. पौलाला रूपकच अभिप्रेत होते असे म्हणता येणार नाही.

हाच न्याय आपल्या घरी लावून पाहावा. तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनाची कथा आपण सारे जाणतो. कोणी ती अक्षरशः मानतात, कोणी तिचा अर्थ निराळा लावतात. परंतु वैकुंठगमन पटत नाही म्हणून देहूला तुकोबा झालेच नाहीत, ते केवळ भक्तीचे रूपक होते, असे कोणी म्हणाला तर वारकरीच काय, इतिहासाचा विद्यार्थीही हसेल. मग येशूच्या बाबतीत तसे म्हणणाऱ्याला आपण विद्वान का समजावे? आणि उलट, वैकुंठगमनाला भोळी समजूत म्हणणाऱ्याने पुनरुत्थानाला निर्विवाद इतिहास म्हणावे हेही न्यायाचे नाही. दोन्ही ठिकाणी माणूस इतिहासातील आहे, आणि दोन्ही ठिकाणी शेवटच्या घटनेपाशी इतिहास थांबतो व श्रद्धा पुढे जाते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हा भेद अचूक ओळखला होता, असे मला वाटते. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती. त्यांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' आरंभिले. ते त्यांच्या हयातीत अपुरे राहिले आणि पुढे लक्ष्मीबाईंनी सिद्धीस नेले. टिळकांच्या भक्तिकाव्यात ख्रिस्त माउली होतो, सद्गुरू होतो. पण तो विरून कल्पना होत नाही. रूपकाने त्यांनी ख्रिस्ताला जवळ आणले, नाहीसे केले नाही.

या दृष्टीने स्वीडनबोर्गच्या पद्धतीकडे पुन्हा पाहिले म्हणजे तिचा दोष स्पष्ट होतो. तिच्यात बाधाची अटच नाही. बाध असो वा नसो, प्रत्येक पदाला एक ठरलेला गुप्त अर्थ आहे आणि त्याचा कोश एकाच द्रष्ट्याजवळ आहे. घोडा दिसला की बुद्धी, पाणी दिसले की सत्य. अशा कोशाने कोणत्याही ग्रंथातून कोणताही अर्थ काढता येतो आणि तो चुकला हे दाखविण्याचे साधन उरत नाही. गंमत अशी की, या पद्धतीवर उत्तम उतारा दादोबांच्याच दुसऱ्या ग्रंथात आहे. मोरोपंतांच्या 'केकावली'वर त्यांनी आईवडिलांच्या नावाने 'यशोदापांडुरंगी' ही टीका लिहिली. ती १८६५ साली प्रसिद्ध झाली. टीकाकाराचा धर्म तेथे दिसतो: आधी शब्द, मग अन्वय, मग अलंकार, आणि सर्वांच्या शेवटी भाव. मोरोपंतांना न्याय देणारी ही शिस्त मोशे आणि मत्तय यांनाही तितकीच लागू आहे. दादोबांचे औदार्य स्वीडनबोर्गवरील पुस्तकात आहे. त्यांची कसोटी 'यशोदापांडुरंगी'त आहे. आपल्याला दोन्ही हवी आहेत.

गांधीजींची भूमिका या संदर्भात आठवते. येशू नावाचा पुरुष झालाच नाही असे उद्या सिद्ध झाले, तरी डोंगरावरील प्रवचन आपल्याला खरेच राहील, अशा आशयाचे त्यांनी म्हटले आहे. कुरुक्षेत्राचे युद्धही ते अंतःकरणातील युद्ध मानीत. त्यांचे मत कोणाला पटो वा न पटो, त्यांत दोन गोष्टी निर्दोष आहेत: ते स्वतःचे मत स्वतःचे म्हणून सांगतात, आणि गीता व शुभवर्तमान यांना एकाच मापाने मोजतात.

सुटीनंतर मी त्या वर्गात पुन्हा गेलो आणि माझे दोन्ही आधीचे बोलणे अपुरे होते असे मुलांपुढे मान्य केले. समुद्रमंथन रूपक आहे हे सांगण्यापूर्वी ते का, हे मी सांगावयास हवे होते. आणि क्रूस इतिहास आहे हे सांगताना त्याच ग्रंथात रूपके कोठे आहेत हेही सांगावयास हवे होते. फळ्यावर मी दोन प्रश्न लिहिले: सांगणारा काय म्हणतो? आणि मला काय पटते? पहिल्याचे उत्तर सर्वांनी मिळून शोधावयाचे, दुसऱ्याचे प्रत्येकाने आपल्यापुरते. ख्रिस्ती मुलगा आणि मागच्या बाकावरचा मुलगा यांनी ते वहीत उतरवून घेतले. मागच्या बाकावरच्याने मात्र हात वर केला आणि विचारले, "सर, दोन्ही उत्तरे वेगळी आली तर?" मी म्हणालो, "तर वेगळी आली असे लिही. एकावर दुसरे गिरवू नकोस."